बुक टॉवर

बुक टॉवर ही अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉईट शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात वॉशिंग्टन बुलेव्हार्ड या रस्त्यावर असलेली ३८ मजली ऐतिहासिक इमारत आहे. तिची उंची सुमारे ४७५ फूट (१४५ मीटर) असून तिचे बांधकाम १९२६ मध्ये पूर्ण झाले. तिला लागूनच १९१७ मध्ये बांधलेली १३ मजली बुक बिल्डिंग आहे. दोन्ही इमारती आतून जोडलेल्या असल्यामुळे त्यांचा उल्लेख बहुधा एकत्रच केला जातो. दोहोंचा आराखडा वास्तुविशारद लुई कॅम्पर यांनी केला होता.

सुमारे आठ दशके कार्यालये व दुकाने यांसाठी वापरली गेलेली ही वास्तू २००९ मध्ये पूर्णपणे रिकामी झाली. २०१५ मध्ये बेडरॉक या स्थावर मालमत्ता कंपनीने ती विकत घेतली. सुमारे सात वर्षे चाललेल्या जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये ती निवासस्थाने, हॉटेल, उपाहारगृहे व कार्यालये अशा मिश्र वापरासाठी पुन्हा खुली झाली. ओस पडलेली ऐतिहासिक व्यापारी इमारत विकली जाणे आणि ती पुन्हा वापरात येणे या दोन घटनांमध्ये किती अंतर असते, हे समजून घेण्यासाठी बुक टॉवरचे उदाहरण उपयुक्त ठरते.

नाव

इमारतीच्या नावातील ‘बुक’ या शब्दाचा पुस्तकांशी संबंध नाही. ते तिच्या संस्थापक कुटुंबाचे आडनाव आहे. जेम्स बर्जेस बुक (धाकटे), हर्बर्ट बुक आणि फ्रँक बुक या तीन भावांनी ही वास्तू उभारली. त्यांचे वडील डेट्रॉईटमधील नामांकित डॉक्टर होते, तर आईचे माहेर पाम्स या मोठ्या जमीनदार घराण्यातले होते. या भावांनी बांधलेल्या बुक-कॅडिलॅक या हॉटेलाच्या नावातही हेच आडनाव आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार उद्योगामुळे डेट्रॉईटची वाढ विलक्षण वेगाने झाली. १९१० मध्ये शहराची लोकसंख्या ४,६५,७६६ होती. १९२० मध्ये ती ९,९३,६७८ झाली आणि डेट्रॉईट हे अमेरिकेतील चौथ्या क्रमांकाचे शहर ठरले. १९३० मध्ये हा आकडा १५,६८,६६२ वर पोहोचला. कारखान्यांमागोमाग बँका, विमा कंपन्या, वकील, दलाल, दंतवैद्य आणि व्यापारी यांना जागेची गरज भासू लागली व शहराच्या मध्यभागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या.

वॉशिंग्टन बुलेव्हार्ड हा ग्रँड सर्कस पार्क या अर्धवर्तुळाकार उद्यानापासून निघणारा रुंद रस्ता आहे. १८०५ च्या भीषण आगीत जुने डेट्रॉईट जळून गेल्यानंतर न्यायाधीश ऑगस्टस वुडवर्ड यांनी शहराची जी नवी रचना आखली, तिचा तो एक भाग होय. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूच्या तोडीचा प्रतिष्ठित बाजार या रस्त्यावर उभा करावा, अशी बुक बंधूंची महत्त्वाकांक्षा होती. त्यासाठी त्यांनी रस्त्यालगतच्या अनेक जागा विकत घेतल्या आणि त्यांवरील बहुतेक इमारतींचे काम एकाच वास्तुविशारदाकडे सोपवले.

लुई कॅम्पर यांचा जन्म १८६१ मध्ये जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात झाला. अमेरिकेत आल्यावर न्यूयॉर्कच्या मॅकिम, मीड अँड व्हाइट या प्रसिद्ध संस्थेत काम करून १८८८ च्या सुमारास ते डेट्रॉईटला आले. आरंभी धनिकांची निवासस्थाने बांधणारे कॅम्पर पुढे बुक बंधूंमुळे मोठ्या व्यापारी इमारतींकडे वळले. १९२४ मध्ये सुरू झालेले बुक-कॅडिलॅक हॉटेल ही त्यांचीच रचना आहे.

बांधकाम व स्थापत्य

बुक टॉवरचा सांगाडा पोलादी असून बाहेरचे आवरण प्रामुख्याने दगडाचे आहे. तिची शैली इटालियन प्रबोधनकालीन वास्तुकलेवर आधारलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन वास्तुविशारद उंच इमारतीचे तळ, मध्य व शिखर असे तीन भाग कल्पून तळ व शिखर अलंकृत ठेवत आणि मधला भाग साधा सोडत. कॅम्पर यांनी मधल्या भागातही अलंकरणाचे पट्टे योजले. त्यामुळे काही समीक्षकांनी ही इमारत अतिसजावटीची मानली, तर नगरवासीयांना नेमका तोच तिचा विशेष वाटत आला.

शिखरावर तांब्याचे उतरते छप्पर आहे. तांब्यावर हवा व पावसाच्या परिणामाने हिरवी पुटे चढत असल्याने हे छप्पर दुरूनही ओळखू येते. बुक बिल्डिंगच्या वरच्या भागात छज्जाखाली बारा स्त्रीमूर्ती आहेत. खांबाच्या जागी भार पेलणाऱ्या अशा मूर्तींना ग्रीक परंपरेत कॅरिअॅटिड म्हणतात. आतील सर्वांत लक्षणीय भाग म्हणजे तीन मजली उंचीचे वर्तुळाकार दालन आणि त्यावरील रंगीत काचेचा घुमट होय.

टॉवरच्या मागील बाजूस आगीच्या वेळी सुटकेसाठी बाहेरून लावलेला लोखंडी जिना होता. आराखडा करताना कॅम्पर आतला जिना काढायलाच विसरले आणि मग हा जिना बाहेरून जोडावा लागला, अशी एक आख्यायिका शहरात सांगितली जाते. जीर्णोद्धारात हा जिना काढून टाकण्यात आला.

१९२८ मध्ये पेनोबस्कॉट बिल्डिंग पूर्ण होईपर्यंत बुक टॉवर ही डेट्रॉईटमधील सर्वांत उंच इमारत होती. बुक बिल्डिंगच्या दुसऱ्या टोकाला ८१ मजल्यांचा आणखी एक मनोरा उभारण्याची बुक बंधूंची योजना होती. १९२९ नंतरच्या महामंदीमुळे ती कागदावरच राहिली. याच मंदीत त्यांची बरीच मालमत्ताही हातची गेली.

ऱ्हासाची कारणे

बुक टॉवर एका दिवसात ओस पडला नाही. त्यामागे शहरव्यापी कारणे होती.

१९५० च्या जनगणनेत डेट्रॉईटची लोकसंख्या १८,४९,५६८ होती. ती तिची सर्वोच्च नोंद ठरली. मोटार कारखाने शहराबाहेर व इतर राज्यांत जाऊ लागले. नव्या महामार्गांमुळे दूरच्या उपनगरांत राहणे सोपे झाले आणि गृहकर्जाच्या सवलतींमुळे प्रामुख्याने गोऱ्या मध्यमवर्गाला ते परवडूही लागले. बाजारपेठही ग्राहकांमागोमाग गेली. डेट्रॉईटच्या हडसन्स या विख्यात दुकानाने १९५४ मध्ये उपनगरातील नॉर्थलँड सेंटरमध्ये शाखा उघडली. त्याचे शहराच्या मध्यभागातील मूळ दुकान १९८३ मध्ये बंद झाले आणि १९९८ मध्ये ती प्रचंड इमारत स्फोटकांनी पाडण्यात आली. १९६७ च्या दंगलीनंतर स्थलांतराचा वेग वाढला. १९७७ मध्ये नदीकाठी सुरू झालेल्या रेनेसाँ सेंटर या भव्य कार्यालय संकुलाने शहराचे पुनरुज्जीवन होईल अशी आशा होती. त्याने जुन्या इमारतींतील काही भाडेकरू मात्र आपल्याकडे ओढून घेतले.

जुन्या कार्यालयीन इमारतींची एक अंगभूत अडचणही होती. १९२० च्या दशकातील मनोऱ्यांचे वरचे मजले अरुंद असत, कारण वातानुकूलन व प्रखर विद्युत दिवे नसलेल्या काळात प्रत्येक खोलीला खिडकीचा उजेड व वारा मिळणे आवश्यक होते. नंतरच्या काळातील कंपन्यांना एकाच मजल्यावर सलग मोठी जागा, पुरेशी उद्वाहने व वाहनतळ हवे होते. बुक टॉवरसारख्या इमारतींना ते देणे शक्य नव्हते. भाडेकरू कमी झाले की उत्पन्न घटते, उत्पन्न घटले की देखभाल लांबणीवर पडते आणि देखभालीअभावी उरलेले भाडेकरूही जातात. या चक्रात वॉशिंग्टन बुलेव्हार्डवरील एकेक इमारत सापडत गेली. स्टॅटलर हॉटेल १९७५ मध्ये बंद झाले व २००५ मध्ये पाडले गेले. बुक-कॅडिलॅक हॉटेल १९८४ मध्ये बंद पडले.

वॉशिंग्टन बुलेव्हार्डचा परिसर १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत समाविष्ट झाला. या नोंदीने इमारतीचे महत्त्व मान्य होते आणि काही करसवलतींचा मार्ग खुला होतो. मात्र केवळ तेवढ्याने खासगी मालकाला आपल्या पैशाने इमारत पाडण्यास किंवा ती पडीक ठेवण्यास प्रतिबंध होत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून बुक टॉवरची मालकी अनेकदा बदलली. दुरुस्तीच्या योजना जाहीर झाल्या, पण तडीस गेल्या नाहीत. तळमजल्यावरील अखेरचा भाडेकरू २००९ मध्ये निघून गेला आणि इमारतीला कुलूप लागले.

रिकाम्या इमारतीचे काय होते

रिकामी इमारत जशीच्या तशी राहत नाही. उष्णता पुरवणारी यंत्रणा बंद पडली की डेट्रॉईटच्या कडाक्याच्या हिवाळ्यात नळांतील पाणी गोठून प्रसरण पावते व नळ फुटतात. छपरातून व तुटलेल्या खिडक्यांतून पाणी आत येते. ते दगडाच्या सांध्यांत गोठून सांधे उकलते आणि आतील पोलाद गंजवते. गंजलेल्या पोलादाचे आकारमान वाढत असल्याने बाहेरचा दगड तडकतो. चोर तांब्याच्या तारा व पितळी वस्तू काढून नेतात. त्यामुळे रिकामेपणाचे प्रत्येक वर्ष पुढील दुरुस्तीचा खर्च वाढवते आणि इमारत पाडणेच स्वस्त, असा युक्तिवाद बळावतो. बुक-कॅडिलॅकसमोरील लाफायेट बिल्डिंगच्या वाट्याला हेच आले. १९२० च्या दशकातील ही इमारत २००९-१० मध्ये पाडण्यात आली.

विक्री

जुलै २०१३ मध्ये डेट्रॉईट शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे १८ अब्ज डॉलरांचे दायित्व असलेली ही अमेरिकेच्या इतिहासातील कोणत्याही शहराची सर्वांत मोठी दिवाळखोरी होती. डिसेंबर २०१४ मध्ये शहर तिच्यातून बाहेर पडले. त्याची किंमत सेवानिवृत्त नगर कर्मचाऱ्यांनाही मोजावी लागली, कारण अनेकांच्या निवृत्तिवेतनात कपात झाली.

याच काळात शहराच्या मध्यभागातील जुन्या इमारती विकत घेण्याची लाट आली होती. तिच्या अग्रभागी उद्योगपती डॅन गिल्बर्ट होते. त्यांनी २०१० मध्ये आपल्या गृहकर्ज कंपनीचे मुख्यालय उपनगरातून डेट्रॉईटच्या मध्यभागी हलवले आणि पुढे बेडरॉक या कंपनीमार्फत अनेक इमारती ताब्यात घेतल्या. २०१५ मध्ये बेडरॉकने बुक टॉवर, बुक बिल्डिंग व लगतची एक छोटी इमारत सुमारे ३ कोटी डॉलरांना विकत घेतली.

ही किंमत आणि पुढील खर्च यांची तुलना बोलकी आहे. जीर्णोद्धारासाठी ३० कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला, म्हणजे खरेदीच्या किमान दहापट. वास्तूचे एकूण क्षेत्रफळ जवळपास ५ लाख चौरस फूट धरले, तर दर चौरस फुटामागे खरेदीसाठी सुमारे ६० डॉलर, तर दुरुस्तीसाठी सुमारे ६०० डॉलर लागले असे दिसते. ऐतिहासिक इमारत स्वस्तात विकली जाते, कारण तिच्या किमतीतून हा भावी खर्च आधीच वजा झालेला असतो. त्यामुळे विक्री झाली म्हणजे इमारत वाचली, असे होत नाही. दुरुस्तीची कुवत नसलेला मालक मिळाल्यास तीच इमारत पुन्हा पुन्हा विकली जाऊन अधिकाधिक खालावत जाते.

अर्थसाहाय्य आणि त्यावरील वाद

अशा प्रकल्पांत खर्च आणि भाड्यातून मिळू शकणारे उत्पन्न यांच्यात तफावत असते. ती भरून काढण्यासाठी अमेरिकेत सार्वजनिक साहाय्याच्या काही पद्धती आहेत.

पहिली पद्धत संघराज्याच्या ऐतिहासिक करसवलतीची आहे. नोंदवहीतील उत्पन्नक्षम इमारतीची दुरुस्ती ठरलेल्या निकषांनुसार केल्यास पात्र खर्चाच्या २० टक्के इतकी सूट आयकरात मिळते. २०१७ च्या करसुधारणेनंतर ही सूट पाच वर्षांत विभागून दिली जाते. स्वतःच्या राहत्या घरासाठी ती मिळत नाही.

दुसरी पद्धत मिशिगन राज्याने २०१७ मध्ये केलेल्या कायद्यातली आहे. पडीक किंवा प्रदूषित जागांच्या मोठ्या विकासासाठी हा कायदा आहे. विकासानंतर त्या जागेतून सरकारला जो वाढीव कर मिळेल, त्याचा काही भाग ठरावीक वर्षे विकासकाला परत दिला जातो. मालमत्ता करातील वाढीबरोबरच बांधकाम कामगार, तेथे नोकरी करणारे आणि तेथील रहिवासी यांच्या राज्य आयकराचा काही भागही यात धरला जातो. मोठ्या शहरांसाठी किमान गुंतवणुकीची अट ५० कोटी डॉलरांची आहे. ती पूर्ण व्हावी म्हणून बेडरॉकने बुक टॉवर, हडसन्सची मोकळी जागा आणि आणखी दोन प्रकल्प एकत्र करून प्रस्ताव मांडला. मे २०१८ मध्ये या चार प्रकल्पांसाठी मिळून सुमारे ६१.८ कोटी डॉलरांचे करसाहाय्य मंजूर झाले.

या साहाय्यावर तीव्र मतभेद झाले. समर्थकांच्या मते इमारत रिकामी असताना तिच्यापासून मिळणारा कर नगण्यच होता. जो वाढीव कर विकासाशिवाय निर्माणच झाला नसता, त्यात वाटा दिल्याने सरकारचे नुकसान होत नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की, नुकतेच ज्या शहराने निवृत्तांचे वेतन कापले, तेथे अतिश्रीमंत विकासकाला करसवलत देणे न्याय्य नाही. साहाय्याविना हा विकास झालाच नसता, हे सिद्ध करणेही कठीण असते. शिवाय गुंतवणूक शहराच्या मध्यभागात एकवटते आणि जेथे बहुसंख्य नागरिक राहतात त्या वस्त्या मागे राहतात.

या असंतोषातून नोव्हेंबर २०१६ मध्ये डेट्रॉईटच्या मतदारांनी सामुदायिक लाभाचा नगर-अध्यादेश संमत केला होता. ७.५ कोटी डॉलर किंवा अधिक खर्चाच्या आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सार्वजनिक साहाय्य घेणाऱ्या प्रकल्पांना त्यानुसार परिसरातील रहिवाशांच्या नऊ सदस्यीय सल्लागार मंडळाशी चर्चा करणे बंधनकारक झाले. बुक टॉवर प्रकल्प या प्रक्रियेतून गेला. मंडळाला प्रकल्प नाकारण्याचा अधिकार नसल्याने ही तरतूद दुबळी असल्याची टीकाही होते.

जीर्णोद्धार

जुन्या इमारतींवरील कामाचे अमेरिकेच्या अंतर्गत कामकाज खात्याने चार प्रकार मानले आहेत. आहे ते टिकवणे म्हणजे परिरक्षण, नव्या वापरासाठी सुयोग्य बदल करणे म्हणजे पुनर्वसन, विशिष्ट काळातील रूप परत आणणे म्हणजे पुनःस्थापन आणि नष्ट झालेले पुन्हा बांधणे म्हणजे पुनर्निर्मिती. बुक टॉवरचे काम मुख्यतः दुसऱ्या प्रकारात मोडते. दर्शनी भाग व महत्त्वाची दालने मूळ स्वरूपात राखून वरच्या मजल्यांची अंतर्रचना बदलण्यात आली. नव्या आराखड्याचे काम न्यूयॉर्कच्या ओडीए या संस्थेकडे होते.

दगडी आवरणावरील अनेक दशकांची काजळी धुऊन काढण्यात आली व मूर्ती आणि नक्षीची डागडुजी झाली. सुमारे अडीच हजार खिडक्या बदलाव्या लागल्या. सर्वांत नाजूक काम काचेच्या घुमटाचे होते. हा घुमट अनेक दशके झाकलेला होता. त्याचे हजारो तुकडे स्वच्छ करून, फुटलेल्यांच्या जागी जुळणारे नवे बसवून तो पूर्ववत करण्यात आला.

कार्यालयांसाठी गैरसोयीचे ठरलेले अरुंद मजले निवासासाठी मात्र सोयीचे ठरले. प्रत्येक खोलीला खिडकी असणे ही घराचीही गरज असते. जी रचना इमारतीच्या पीछेहाटीचे एक कारण होती, तीच वापर बदलताच गुण ठरली. अमेरिकेतील अनेक जुन्या कार्यालयीन मनोऱ्यांचे रूपांतर सदनिकांमध्ये होण्यामागे हेच कारण आहे.

सद्य वापर

जून २०२३ मध्ये इमारतीचे औपचारिक उद्घाटन झाले. तिच्यात २२९ सदनिका आणि दीर्घ मुक्कामासाठी ११७ खोल्यांचे हॉटेल आहे. त्यांखेरीज कार्यालये, दुकाने व उपाहारगृहे आहेत. छतावरील मद्यालयाला वास्तुविशारदाच्या स्मरणार्थ ‘कॅम्पर्स’ असे नाव देण्यात आले. घुमटाखालचे वर्तुळाकार दालन सर्वसामान्य नागरिकांनाही पाहता येते.

तत्सम प्रकल्प

बुक टॉवरच्या आधी बुक-कॅडिलॅक हॉटेल २४ वर्षे बंद राहून सुमारे २० कोटी डॉलर खर्चानंतर २००८ मध्ये पुन्हा सुरू झाले. डेव्हिड व्हिटनी बिल्डिंग ही १९१५ मधील कार्यालयीन इमारत २०१४ मध्ये हॉटेल व सदनिका म्हणून खुली झाली. १९८८ पासून बंद असलेले मिशिगन सेंट्रल हे रेल्वेस्थानक फोर्ड मोटार कंपनीने २०१८ मध्ये विकत घेतले व जून २०२४ मध्ये त्याचे पुनरुद्घाटन झाले.

महत्त्व

बुक टॉवरच्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. ऐतिहासिक इमारत वाचण्यासाठी तिचे सौंदर्य पुरेसे नसते, तिला काळानुरूप वापर मिळावा लागतो. खरेदीची रक्कम हा एकूण खर्चाचा अल्प भाग असतो, म्हणून विक्रीपेक्षा खरेदीदाराची कुवत व चिकाटी निर्णायक ठरते. आणि सार्वजनिक साहाय्याने इमारत उभी राहते तेव्हा तिच्या लाभात जनतेचा वाटा किती, हा प्रश्न अटळपणे पुढे येतो.

२०२० च्या जनगणनेनुसार डेट्रॉईटची लोकसंख्या ६,३९,१११ होती, म्हणजे १९५० च्या जवळपास एकतृतीयांश. २०२३ च्या अंदाजांत कित्येक दशकांनंतर प्रथमच तिच्यात किंचित वाढ दिसून आली. शहराच्या मध्यभागातील इमारतींना नवे जीवन लाभले असले, तरी दूरच्या वस्त्यांतील हजारो रिकाम्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे काचेचा घुमट नाही आणि मोठा खरेदीदारही नाही. त्यामुळे बुक टॉवरला शहराच्या पुनरुज्जीवनाचे प्रतीक मानावे की अपवाद, याविषयी अभ्यासकांत व नागरिकांत दुमत आहे.